हवा बदलली नव्हती

मुक्ता, तुझ्या बातमीत एक चूक आहे आणि ती माझी आहे.

पुण्यातल्या ज्या दैनिकात मी अकरा वर्षं काम केलं, त्याच्या आतल्या पानावर ती आली. एक कॉलम, थोड्याच ओळी. मी हायडेलबर्गहून फोनवर मजकूर सांगितला, डेस्कवरच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने उतरवून घेतला. तुझं नाव बरोबर आहे. वय बरोबर आहे. ड्रेस्डेनमध्ये तू पीएच.डी. करत होतीस, ते बरोबर आहे. दक्षिण स्पेनमधल्या सिएरा नेवाडा या पर्वतरांगेत, शिखरावरून उतरताना, बर्फावर पाय घसरून तू गेलीस, तेही बरोबर आहे. त्याच्या आधी तीन शब्द आहेत: ‘अचानक बदललेल्या हवामानामुळे’. ते खोटे आहेत.

त्या दिवशी तिथे सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत आकाश निरभ्र होतं. वारा नव्हता. शिखरावरून भूमध्य समुद्र दिसत होता.

हे शब्द कसे आले ते लिहितो. डेस्कवरच्या माणसाने विचारलं, “कारण काय टाकू?” हाच प्रश्न मी त्याच खुर्चीत बसून कितीदा विचारला होता. डोंगरात कुणी गेलं की हे तीन शब्द तयारच असतात. त्यांत कुणाचा दोष नसतो. मी ते सांगितले. तो म्हणाला, “बस, झालं.” मग “तुमच्या ट्रेकवर यायची तीच ना रे ही?” म्हणाला. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हा मला खरं कारण माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. बोलत होतो तेव्हा माझा मोबाइल समोर टेबलावर होता. त्यात तुझा शेवटचा मेसेज होता. ऊन मरणाचं आहे, असं तू लिहिलं होतंस. त्याखाली माझं उत्तर होतं.

तुझ्या बाबांनी, म्हणजे काकांनी, ती बातमी साताऱ्यात कापून ठेवली आहे.

आठवतं का, याच तीन शब्दांवरून आपलं एकदा भांडण झालं होतं? तू एम.एस्सी.ला होतीस. एका किल्ल्यावर दोन मुलं दगावली होती आणि ती बातमी मी केली होती. तू पेपर घेऊन थेट ऑफिसच्या कँटीनमध्ये आलीस.

“हवामान अचानक बदललं म्हणजे किती वाजता?”

“ते पोलिसांनी सांगितलेलं नाही.”

“मग तुला कुणी सांगितलं?”

“अगं, लिहायची पद्धत आहे.”

“दादा, हवा अशी अचानक बदलत नसते. आलेख काढून बघ. ती आपली सावकाश बदलत असते, आपलं लक्ष नसतं.”

“हे छापू? त्या मुलांच्या आईवडिलांनी वाचायला?”

तू पेपरची घडी घातलीस. मग म्हणालीस, “नको छापूस. पण खोटंही नको ना. तेवढी जागा कोरी सोड.”

“पेपरात जागा कोरी सोडत नाहीत, मुक्ता.”

“बरं, मग चहा तरी सांग. वडा सांगितलास तर तुझी बातमी बरोबर होती असं धरून चालेन.”

मी वडा सांगितला. वाद तिथेच राहिला. पुढे कित्येक वर्षं तू मधूनच विचारायचीस, “सापडली का रे कोरी जागा?”

आपल्या ट्रेकच्या ग्रुपचा एक नियम होता. तो मी केला होता. मे महिन्यात एका घाटवाटेवर बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ उघड्या कातळावर उन्हाने कोसळले. पाणी संपलेलं, सावली नाही, दीड वाजलेला. तू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस आणि स्वतःच्या टोपीने त्यांना वारा घालत राहिलीस. ते वाचले. त्या दिवसानंतर मी प्रत्येक ट्रेकच्या सुरुवातीला सांगायचो: अकरा ते चार सावली धरायची, उतरायचं ते ऊन कलल्यावरच. पुढे तू स्वतः ट्रेक नेऊ लागलीस, तेव्हा तूही हेच सांगायचीस, माझा आवाज काढून. लोक हसायचे आणि नियम पाळायचे. सह्याद्रीत या नियमाने आपण एकही माणूस गमावला नाही.

ती टोपी काकांची होती. काका साताऱ्यात क्लबच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. रुंद काठाची पांढरी कापडी टोपी. तू ती पहिल्या ट्रेकला मागून नेलीस आणि परत केली नाहीस. काका मला म्हणाले होते, “तिने ढापली म्हणा. मी अपील केलं, तिने फेटाळलं.”

जर्मनीत तू माझ्याआधी आलीस. मी आलो तो माझ्या बायकोच्या, अनघाच्या, नोकरीमागे. हायडेलबर्गला तिची प्रयोगशाळा होती आणि मला भाषा नव्हती, काम नव्हतं, ओळख नव्हती. रोज मजकूर लिहिणारा माणूस रोज मजकूर लिहिण्यावाचून काय होतो, ते तुला न सांगता कळलं. तू दर रविवारी ड्रेस्डेनहून फोन करायचीस. “दादा, आठवड्याची बातमी. जर्मनमध्ये. कोण, कुठे, कधी. पाच वाक्यं.” मी आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, चुकीच्या खिडकीसमोर तासभर उभा राहिलो, ती बातमी. शेजारच्या बाईंनी कचऱ्याचा डबा चुकीचा भरला म्हणून चिठ्ठी लावली, ती बातमी. तू क्रियापद दुरुस्त करायचीस आणि शेवटी “गेनाऊ”, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचीस, शाळेतल्या बाईंसारखं. वर्षभर. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. आता इथे म्हणतो. त्या वर्षात मी त्या पाच वाक्यांवर उभा होतो.

नाताळात मी ड्रेस्डेनला तुझ्याकडे आलो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि तू पिठलं ढवळत म्हणालीस की एप्रिलमध्ये ग्रानाडाला परिषद आहे, तिला जोडून दोन दिवस डोंगरात जाणार. बर्फावर चढायला.

“स्पेनमध्ये बर्फ? तिथे लोक अंग शेकायला जातात.”

“तेच तर. खाली समुद्रात पोहायचं, वर बर्फ.”

“खिडकीबाहेर बघ. हे काय आहे?”

“हे सरकारी आहे, दादा. नोव्हेंबरला येतं, मार्चला जातं, कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. मला उन्हातलं बघायचंय. फोटो पाहिलेस का त्या डोंगराचे? खाली सगळं भाजलेलं, बोडकं. आपल्या सह्याद्रीला कोणीतरी वरून मीठ लावलंय असं दिसतं.”

“दोन दिवसांत वितळेल तुझं मीठ.”

“पैज. जूनमध्येसुद्धा असतं.”

मी म्हटलं, गरम देशातलं बर्फ म्हणजे चार दिवसांचं नाटक. तू म्हणालीस, बघून आल्यावर सांगते कोणाचं नाटक. हाही वाद अर्धा राहिला. तुझं म्हणणं खरं निघालं.

तुझ्याबरोबर प्रयोगशाळेतला सहकारी होता, यान. तोही परिषदेला आला होता. तुम्ही ग्रानाडाहून बसने डोंगरातल्या शेवटच्या गावात गेलात. तिथल्या बूथवरून तू फोन केलास. मागे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

“दादा, ऐक! शेळ्या आहेत. धूळ आहे. बायका दारात बसून शेंगा सोलतायत. ऊन तर असं आहे की मला मामाच्या गावी आल्यासारखं वाटतंय. जर्मनीत पाच वर्षं मी सगळ्यांना विचारून विचारून जगते. तिकीट कुठे, फॉर्म कुठला. इथे मला कोणाला काही विचारावंसं वाटत नाहीये. मला इथलं सगळं येतं.”

मी हसलो. “आधी बर्फ कसं येतं ते सांग.”

“येईल रे.”

हा आपला शेवटचा संवाद. पुढचं फक्त मेसेज.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्ध्या चढावरच्या दगडी आसऱ्यात मुक्काम केलात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मला मेसेज आला. रोमन अक्षरांत मराठी, तुझ्या नेहमीच्या पद्धतीने: “वर पोचलो. समुद्र दिसतोय. ऊन मरणाचं. यान आत्ताच उतर म्हणतोय. मी कलल्यावर उतरते. बरोबर ना?”

मी शनिवारच्या बाजारात होतो. हातात पालकाची जुडी होती. मी लिहिलं: “बरोबर. टोपी घाल.”

एक वाजून अकरा मिनिटं. बातमीतल्या गावाचं नाव मी तीन ठिकाणी पडताळून घ्यायचो. नवख्या वार्ताहरांना मी ओरडायचो की ऐकीव गोष्ट छापू नका. मी कधी बर्फाच्या डोंगरावर गेलेलो नाही. त्या डोंगराबद्दल मी एक ओळ वाचलेली नव्हती. मला एक मिनिट लागलं.

तुझी खोली आवरायला मी ड्रेस्डेनला गेलो तेव्हा यान तिथे आला. त्याच्या नाकावरची कातडी उन्हाने अजून सोललेली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने मला सगळं क्रमाने सांगितलं, प्रयोगाची नोंद सांगावी तसं. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

गावातल्या घरमालकीण बाईंनी निघताना दोन बोटं दाखवली होती. दोन वाजेपर्यंत बर्फाच्या खाली या. तुम्हा दोघांना स्पॅनिश येत नव्हतं, पण दोन बोटं कळली. यानने ती सूचना म्हणून घेतली. तुला ती चुकीची वाटली.

“आल्झो, तर,” यान म्हणाला, “ती मला म्हणाली, दोन वाजता? भर उन्हात? बाईंना डोंगर माहीत नाही. मी म्हटलं, मुक्ता, त्या इथल्या आहेत. ती म्हणाली, मीही अशाच डोंगरातली आहे.”

“मग?”

“मग तिने तुम्हाला लिहिलं.”

मी हातातली पुस्तकं खोक्यात ठेवली.

“उत्तर आल्यावर तिने फोन माझ्यासमोर धरला. मला मराठी येत नाही. ती म्हणाली, हा माझा लीडर आहे, हाही तेच म्हणतो. आणि मला म्हणाली, तू जर्मन आहेस, तुला दोन म्हणजे दोन, तू जा, मी खाली आल्यावर तुझ्यासाठी चहा करीन.”

यान दीड वाजता निघाला. तेव्हा बर्फ मऊ होतं, पाय घोट्यापर्यंत रुतत होता. तो मागे वळला तेव्हा तू शिखरावरच्या पडक्या भिंतीच्या सावलीत आडवी झाली होतीस. हात डोक्याखाली, टोपी तोंडावर. त्याने हाक मारली. तू न बघता हात हलवलास.

उन्हाच्या देशातल्या बर्फाचं गणित उलटं असतं, हे मला आता माहीत आहे. सुटका पथकातल्या माणसाने ते यानला सांगितलं. दुपारी वरचा थर वितळतो. तेव्हा पायऱ्या पडतात, माणूस बुटांवरच उतरून येतो. ऊन कललं की पूर्वेकडचा उतार सावलीत जातो आणि तेच पाणी गोठतं. त्यावर मग बूट काय, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचं पातंही सरकतं. तू पाचच्या सुमाराला निघाली असावीस. माथ्यावर अजून ऊन होतं, बर्फ अजून मऊ होतं. सावलीची रेषा थोडी खाली होती. बुटांना बांधायचे लोखंडी दात तुझ्याजवळ होते. ते सॅकमध्ये सापडले.

वितळणं आणि गोठणं हा तुझा रोजचा विषय होता, मुक्ता. वितळलेल्या पदार्थात स्फटिक कसे धरतात यावर तू पाच वर्षं काम करत होतीस. मला तू ते कागदावर काढून समजावलं होतंस. तुला हे गणित दोन मिनिटांत सुटलं असतं. तू ते मांडलंच नाहीस, कारण तुला तिथलं सगळं येत होतं, आणि कारण तू एका माणसाला विचारलंस आणि त्याने बरोबर म्हटलं.

मी उत्तर दिलं नसतं तरी तू थांबली असतीस का? यानला विचारलं.  “माहीत नाही,” तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. तो बोलला नाही.

काकांना मी पहिल्या दिवसापासून रोज फोन करत होतो. मृतदेह कधी येणार, कागद कुठे अडले, कोण विमानतळावर येणार. कामाचं बोलणं. ते झालं की काका म्हणायचे, “हवेपुढे कोण काय करणार.” मी “हं” म्हणायचो. साताऱ्यात सगळं पार पडलं, दिवस झाले, तरी ते वाक्य रोज यायचं. मला वाटायचं, त्या तीन शब्दांवर काका टेकले आहेत. ते काढून घ्यायचा मला अधिकार नाही. असं वाटणं माझ्या किती सोयीचं होतं, तेही मला दिसत होतं.

ड्रेस्डेनहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी फोन लावला. साताऱ्यात दुपार होती. मी मजकूर कागदावर लिहून घेतला होता, नाहीतर मला बोलता आलं नसतं. काकांना म्हटलं, बातमीत चूक आहे, खरं काय ते वाचून दाखवतो. दोन बोटं, तुझा मेसेज, माझं उत्तर, यानने वळून पाहिलं ते, सावलीची रेषा. सगळं वाचलं. शेवटी मी म्हटलं, “काका, हवा बदलली नव्हती.”

 मग काकांनी विचारलं, “म्हणजे वादळ नव्हतं?”

“नाही.”

“वारा?”

“नाही.”

“मग ती वर काय करत होती चार तास?”

“पडून होती, काका. सावलीत. टोपी तोंडावर घेऊन.”

“कोणती टोपी?”

“तुमची. पांढरी.”

पलीकडे ते रडायला लागले. मी फोन धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “अरे, तुझी ती बातमी वाचल्यापासून मी तिला रोज वादळात बघतोय. जेवायला बसलो की दिसते. एकटी आहे, थंडीने कुडकुडतेय, मला हाका मारतेय. ते तू लिहिलंस रे. तसं काही झालंच नव्हतं आणि ते तू लिहिलंस.”

 मी माफी मागितली. कशाची ते मला नीट सांगता आलं नाही. काकांनी नाक शिंकरलं. मग त्यांचा आवाज बदलला. मैदानात उभं राहून ते बोलायचे तसा झाला.

“हे बघ. चुका दोन आहेत. कलल्यावर उतरणं ‘बरोबर’ धरणं ही पहिली. ती तू केलीस तशी तिनेही केली. शिकलेली होती, डोळ्यांनी बघत होती. ती तुझ्या एकट्याच्या नावावर मी टाकणार नाही. दुसरी बातमीतली. ती तुझी एकट्याची. ती दुरुस्त कर.”

“करतो.”

“आणि टोपीचं लिही.”

मी लगेच डेस्कला फोन केला. सहकारी म्हणाला, “अरे, इतक्या दिवसांनी? कोण वाचणार आहे?”

“काका वाचतील.”

तो म्हणाला, ठीक, दोन ओळी देतो, पान सातच्या तळाला. दुरुस्ती अशी आहे: “सिएरा नेवाडा येथील अपघाताच्या बातमीत ‘अचानक बदललेल्या हवामानामुळे’ असे प्रसिद्ध झाले होते. त्या दिवशी हवामान स्वच्छ होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.” आणखी एक ओळ मी टोपीची सांगितली. तो म्हणाला, “जागा नाही रे. आणि ही काय बातमी झाली?” त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

म्हणून तेवढ्या एका ओळीसाठी हे वेगळं लिहिलं. तुला शेवटचं पाहिलं ते यानने, दुपारी दीडनंतर, शिखरापासून शंभरेक पावलांवरून. तू काकांची टोपी तोंडावर घेऊन भिंतीच्या सावलीत पडली होतीस. एका बाजूला बर्फ होतं, दुसऱ्या बाजूला समुद्र. त्याने हाक मारली तेव्हा तू न उठता हात हलवलास. त्यानंतर काय झालं ते पाहिलेलं कुणी नाही. तिथून पुढची जागा मी कोरी सोडतो.